बिनठरावाचा सेन्सर

कान्हे स्टेशनपासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर आमच्या फूल उत्पादक गटाची पत्र्याची शेड होती. पवनमावळातल्या पॉलिहाऊसमधले गुलाब तिथे यायचे, निवडून, कागदात गुंडाळून खोक्यांत भरले जायचे आणि गटाच्या जुन्या पिकअपमधून घाट उतरून मुंबईच्या बाजाराला जायचे. मी तिथे क्लार्क होते. रोज तळेगावहून यायचे. पगारी माणसं दोनच: मी आणि ड्रायव्हर सोपान. बाकीचे सगळे सभासद, म्हणजे मालक. आणि या सगळ्या मालकांचे चेअरमन भिकाजी आबा.

आबांची खरी ओळख झाली ती सापामुळे. मी नोकरीला नवीन होते. एका सकाळी खोक्यांच्या थप्पीमागून लांबलचक धामण निघाली. फुलं निवडणाऱ्या, सभासदांच्याच घरच्या बायका बाहेर पळाल्या आणि मी खुर्चीवर चढले. तेवढ्यात आबा आले. उंच, जरासे वाकलेले, उन्हाळ्यातसुद्धा अंगात अर्ध्या बाह्यांचा स्वेटर. त्यांनी चष्म्याची काडी तोंडात धरली आणि सापाकडे नीट पाहिलं.

"साप हाय खरा," ते म्हणाले. "आता याच्यावर कुणाची काय मतं हायेत?"

दारात जमलेल्यांपैकी एकजण म्हणाला, मारा. दुसरा म्हणाला, कामशेतच्या सर्पमित्राला फोन लावा. तिसऱ्याचं म्हणणं पडलं की धामण उंदीर खाते, तेव्हा तिला शेडमध्येच राहू द्यावं. आबांनी तिघांचंही सारख्याच आदराने ऐकून घेतलं आणि तिघांनाही मान डोलावली. मग चौथा बोलायला उठला. सापाने त्याचं अर्धं भाषण ऐकलं आणि तो शटरखालच्या फटीतून निघून गेला.

"बाई, लिवा," आबा मला म्हणाले. "सापाचा इशय सर्वानुमते निकाली."

मी अजून खुर्चीवरच होते. तिथूनच मला कळलं की ही नोकरी सोपी नाही.

"माझं काय न्हाई, सभेचं काय म्हणणं हाय?" हे आबांचं वाक्य दिवसभर कानावर पडायचं. खोक्यांना दोरी लावायची की चिकटपट्टी, यावर सभा. चहात आलं घालायचं की वेलदोडा, यावरही सभा. एकदा लोणावळ्याच्या हॉटेलात वेटरने त्यांना काय आणू म्हणून विचारलं, तेव्हा आबांनी शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी कुटुंबाला त्यांचं मत विचारलं. ते मुंबईचे पर्यटक बिचारे गोंधळले, आणि मग खरोखरच आपसात चर्चा करून त्यांनी आबांसाठी मिसळ ठरवली. मुलासाठी मुलगी पाहायला गेले तेव्हा तर आबांनी पोहे खाऊन झाल्यावर तिथेच हात वर करायला लावले होते म्हणे. मुलीच्या मामानेही हात वर केला. आबांनी तोही मोजणीत धरला.

यात गंमत अशी की गट चांगला चालायचा. निदान मोडत तरी नव्हता. भाव चांगला मिळाला की आबा म्हणायचे, "सभेचं यश हाय." माल पडून राहिला की म्हणायचे, "सभेनं ठरवलं व्हतं." त्यामुळे कुणाला आबांशी भांडताच येत नसे. कुस्तीला उतरावं आणि समोर पैलवानाऐवजी नुसता मातीचा हौदा दिसावा, तशी विरोधकांची गत व्हायची. दर निवडणुकीत आबा बिनविरोध. मी येण्याच्या कितीतरी आधीपासून ते चेअरमन होते, आणि एवढ्या काळात त्यांच्या हातून एकही चूक झालेली नव्हती. निर्णयच झालेला नव्हता, तर चूक कुठून होणार?

मी एकदा त्यांच्या घरी सह्या घ्यायला गेले तेव्हा काकींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, सहज म्हटलं की आबा फार लोकशाहीवादी आहेत. काकी चुलीवरचं दूध उतरवत होत्या. त्या हसल्याच.

"कसली लोकशाई! लग्नाच्या आदी ह्यांनी येकट्यानं बाजारातनं बैल आणला. आठवड्यात लंगडा झाला. मामंजींनी मरंपर्यंत ऐकवलं. जेवायला बसलं की बैल, निजायला गेलं की बैल. तवापास्नं ह्यांनी सोताच्या मनानं चपलासुदिक घेतल्या न्हाईत."

असे हे आबा, आणि त्यांच्या राज्यात पिकअप बिघडली.

बिघाड सुरुवातीला अगदी सभ्य होता. वेग दाखवणारा काटा शून्यावर बसला आणि उठेना. त्याच्याखालचा किलोमीटरचा आकडाही थांबला. गाडी धावायची, पण गाडीच्या मते ती उभी होती. सोपानने सभेत सांगितलं. सोपान कमी बोलणारा माणूस. तिकोणा पेठ गावातून यायचा, दोन मुलींचा बाप. घाटात गाडी चालवून चालवून त्याला सरळ रस्त्यावरही थोडं वळून बघायची सवय लागली होती.

सभेने निदान सुरू केलं. एका जुन्या सभासदाने मीटरची केबल तुटल्याचं छातीठोक सांगितलं. या गाडीला केबल नसते, सगळं वायरवर चालतं, असं सोपान म्हणाला. पण तो सभासद नसल्यामुळे त्याचं म्हणणं विचारात घेता आलं नाही. नसलेली केबल शोधण्यात एक दिवस गेला. मग ठरावाने फ्यूज बदलले. काटा शून्यावर. मग ठरावाने भंगारातून दुसऱ्या गाडीचं मीटर आणून बसवलं. त्याचाही काटा शून्यावर, फक्त काच फुटकी. मग एका सभासदाच्या मेहुण्याने नवीन वायरिंग ओढलं. त्यानंतर काटा शून्यावरच राहिला, पण हॉर्न दाबला की वायपर फिरू लागला. प्रत्येक वेळी आबा काडी तोंडात धरून ऐकायचे आणि म्हणायचे, "सभेचं म्हणणं असंल तर करा."

इथवर हसण्यासारखंच होतं. पण आमचे व्हाइस चेअरमन जगन्नाथ नाना यांना या शून्यात एक संधी दिसली. नानांच्या पुतण्याने नवी कोरी पिकअप घेतली होती आणि ती दारात उभी राहून हप्ते खात होती. नाना पुढच्या सभेत उठले.

"मी कुणाचं नाव घेत न्हाई," त्यांनी सोपानकडे बघत सुरुवात केली. "पर गाडीच सांगती की मी जागची हालले न्हाई. मग डिझेल गेलं कुटं?"

नानांनी सभेवरून नजर फिरवली.

"आन् काटा आपोआप पडत न्हाई. वायर वडली की पडतो. ऐतवारी भाज्याला, कार्ल्याला लेण्यांकडं बंगलेवाल्यांची लय भाडी असत्यात. किलोमीटर दिसू नयेत म्हणून वायर कोन वडंल, हे काय मी सांगायला पायजे?"

सोपान उभा राहिला. "नाना, मी वायरला हात लावला न्हाई. ऐतवारी मी घरी असतो. इचारा गावात."

"गावाला काय इचारायचं? गाव तुजंच."

सोपानने आबांकडे पाहिलं. इतकी वर्षं त्याने आबांचा माल बाजारात नेला होता. त्याचा प्रामाणिकपणा आबांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होता. आबांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "सभेचं काय म्हणणं हाय?"

सभेचं म्हणणं पडलं की विषय वार्षिक सभेपुढे ठेवावा. सोपान खोकी भरायला गेला.

त्यानंतर बिघाडाने सभ्यता सोडली. वेग कमी करायला क्लच दाबला की इंजिनच बंद पडू लागलं. कान्ह्याच्या रस्त्यावर बंद पडणं वेगळं आणि खंडाळ्याच्या उतारावर वेगळं. एका दुपारी माल घेऊन गेलेला सोपान दुसऱ्या दिवशी परत आला तो चेहऱ्यावर रंगच नसलेला. उतारावर पुढच्या ट्रकमुळे त्याने वेग कमी केला आणि इंजिन गेलं. इंजिन गेलं की ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंग जड होतं. त्याने सगळा जोर लावून गाडी डोंगराच्या बाजूच्या गटारीत घातली. खोकी एकमेकांवर आपटली, गुलाबांची भाजी झाली. दुसऱ्या बाजूला दरी होती, हे त्याने सांगितलं नाही. ते आम्हाला माहीत होतं.

आबांनी सगळं ऐकलं. "लय वंगाळ झालं," ते म्हणाले. "येत्या सभेत घेऊ."

सोपान त्यांच्याकडे बघत राहिला. मग अगदी हळू आवाजात म्हणाला, "आबा, सभा माज्याशेजारी गाडीत बसनार हाय का?"

आबांच्या तोंडातली काडी तिथेच राहिली. मी कागदात डोकं घातलं. सोपान गाडी धुवायला निघून गेला.

पुढच्या खेपेला आबा स्वतः सोपानच्या शेजारी बसले. काकींनी डबा दिला होता आणि देवाला दिवाही लावला होता. घाटात काय झालं ते आबांनी मला फारसं सांगितलं नाही. "दोनदा बंद पडली" एवढंच. पण सोपान म्हणाला की दुसऱ्यांदा बंद पडल्यावर आबांनी डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरला होता आणि गाडी थांबल्यावरही सोडायला तयार नव्हते. येताना त्यांनी सोपानला लोणावळ्यात गाडी थांबवायला लावली.

चिक्कीच्या दुकानांमागच्या एका गल्लीत नझीरभाई नावाचे ऑटो इलेक्ट्रिशियन बसायचे. मोठा मानी माणूस. आबांनी सवयीने विचारलं, "तुमचं काय मत हाय?" नझीरभाई भडकले. "मत? आबा, ये क्या इलेक्शन है? मत नाही, तपासायचं असतं." मात्र त्यांच्याकडे गाड्यांची रांग होती आणि आमची गाडी दोन दिवस ठेवून जा म्हणाले. फुलांना दोन दिवस थांबता येत नाही. शेवटी त्यांनी आबांना एक जुना मीटर दिला, व्होल्ट मोजायचा, आणि गाडीखाली झोपवून गिअरबॉक्सवरचा सेन्सर दाखवला. कसं तपासायचं तेही शिकवलं. आबांनी तसलाच एक नवा सेन्सर विकत घेतला, स्वतःच्या खिशातून नव्हे, गटाच्या नावावर. कोटेशन न मागवता आणि ठराव न करता.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये येऊन त्यांनी तो माझ्या टेबलावर ठेवला. अंगठ्याएवढी काळी वस्तू, मागे तीन पिना.

"बाई, हा चाकाचा तलाठी," आबा म्हणाले. त्यांचा आवाज मला वेगळाच वाटला. "चाक किती फिरलं, त्ये हा वर कळवतो. मीटरला आन् इंजिनच्या काम्पुटरला. हा झोपला की वरच्यांना वाटतं गाडी हुबी हाय. मग काटा बी शून्य, आन् चालत्या गाडीचं इंजिन बी गडबडतं."

"म्हणजे हाच बिघडलाय?"

"त्ये तपासल्याबिगर कसं सांगू? वायर वडलेली असंल तर नाना खरे. वायर नीट असंल आन् ह्यो मेलेला असंल, तर सोपान खरा."

"मग तपासून बघू या ना आत्ताच."

"न्हाई. आत्ता तपासलं तर नाना म्हणतील, जमवून आणलं. सभेत समद्यांच्या म्होरं. सभा उद्याच हाय, तवर गाडी हालनार न्हाई. जे निगंल त्ये निगंल."

निघालं उलटं तर सोपानची नोकरी तर जाणारच होती, शिवाय तो चोर म्हणून नाव घेऊन जाणार होता. मी तसं म्हटलं. आबा खिडकीतून बाहेर बघत होते. "म्हाईत हाय मला," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी चहा दोनदा मागितला आणि दोन्ही वेळा प्यायचा विसरले.

वार्षिक सभेला शेड गच्च भरली. नानांनी ठराव वाचला: सोपानला कमी करून वाहतुकीचं काम बाहेर द्यावं. कुणाच्या गाडीला द्यावं हे त्यांनी मोठेपणाने सभेवर सोडलं. पुतण्या पुढच्याच रांगेत इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. हात वर व्हायला सुरुवातही झाली. सवयीने सगळे आधी शेजाऱ्याचा हात बघत होते.

"ह्यो ठराव मी मताला टाकत न्हाई," आबा म्हणाले.

कुणाला पहिल्यांदा समजलंच नाही. नानांना वाटलं आबा वाक्य विसरले. "आबा, सभेचं म्हणणं..."

"सभेचं म्हणणं मागनं. आदी समदे भाईर चला."

पिकअप अंगणात उभी होती. पुढच्या चाकांना दगड लावले, मागचं एक चाक जॅकवर उचललं, हँडब्रेक सोडला, गिअर मोकळा केला. आबा स्वेटरसकट गाडीखाली शिरले. नझीरभाईंच्या मीटरचा आकडा सगळ्यांना दिसावा म्हणून तो मीटर माझ्या हातात दिला. सोपानने चावी फिरवून इंजिन न लावता करंट चालू केला. आबांनी त्या मीटरची तार खाली कुठेतरी टेकवली. मीटरवर शून्य.

"बघा!" नाना ओरडले. "वायर तोडलेली हाय!"

सोपानने डोळे मिटले. गाडीखालून काहीतरी खुडबुड ऐकू आली, मग आबांचा आवाज. "थांबा. चुकीच्या पिनंला लावली." आणि माझ्या हातातला आकडा एकदम वर गेला. म्हणजे सेन्सरपर्यंत करंट येत होता. मग त्यांनी खालची, अर्थिंगची वायर तपासली, तीही नीट. मेहुण्याचं वायरिंगसुद्धा, हॉर्न-वायपर सोडून, शाबूत होतं.

"वायर कुनी वडलेली न्हाई," आबा खालून म्हणाले. "आता तिसरी, वर कळवनारी. नाना, तुमी सोता चाक फिरवा."

नानांना नाही म्हणता येईना. त्यांनी धोतर आवरून चाक फिरवलं. चाक फिरलं की माझ्या हातातला आकडा खालीवर उडायला हवा होता. तो मढ्यासारखा पडून राहिला. नानांनी आणखी जोरात फिरवलं. तरी नाही. आबांनी जुना सेन्सर काढला, नवा बसवला. "फिरवा." नानांनी फिरवलं आणि आकडा उडायला लागला. वर, खाली, वर, खाली. नाना थांबले, आकडा थांबला. नानांनी पुन्हा चाकाला हात लावला, आकडा पुन्हा उडाला. मला वाटतं त्यांना त्यात नकळत मजा यायला लागली होती.

गाडी जॅकवरून उतरवली. सोपानने ती शेडभोवती फिरवली, आणि सगळी वार्षिक सभा काटा बघायला गाडीमागे धावली. म्हातारेकोतारे खिडकीला लोंबकळत होते. "उटला! उटला!" असा ओरडा झाला. सोपानने वळणावर क्लच दाबून गाडी हळू केली; इंजिन चालूच राहिलं. तो खाली उतरला आणि आबांसमोर येऊन उभा राहिला. मग म्हणाला, "आबा, स्वेटरला आइल लागलं."

इथे थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण सभा अजून संपली नव्हती.

सगळे परत आत येऊन बसले, चहा झाला, आणि मागच्या रांगेतून एकाने अगदी नम्रपणे विचारलं की हा सेन्सर कुठल्या ठरावाने घेतला? आबा म्हणाले, ठराव नाही, मीच घेतला. शेडमध्ये कुजबुज सुरू झाली. काटा उठला ही चांगली गोष्ट आहे, पण पद्धत म्हणून काही असते की नाही? आज सेन्सर घेतला, उद्या चेअरमन गिअरबॉक्स घेतील. शिवाय नानांचा ठराव मताला न टाकणं हा सभेचा अपमान नाही का? बघता बघता सोपान, वायर, घाट सगळं मागे पडलं. फ्यूज, फुटकं मीटर आणि मेहुण्याचं वायरिंग हे सगळं रीतसर ठरावाने वाया गेलं होतं, म्हणून त्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती या एकाच वस्तूबद्दल, जी बिनठरावाची होती आणि चालत होती.

अविश्वासाचा ठराव नानांनी मांडला. हात वर झाले. काहींनी वर करताना आबांकडे पाहून ओशाळं हसू आणलं, जणू म्हणत होते, आबा, तुम्हीच शिकवलंत. आबांनी स्वतः हात मोजले आणि मला म्हणाले, "बाई, लिवा. मंजूर." मग स्वेटरवरचा डाग चोळत घरी गेले. सोपानला मात्र त्यानंतर कुणी हात लावला नाही. गाडीखालचं सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, ते नानांनाही पुसता येईना.

पुढच्या वर्षी मी ती नोकरी सोडली. निघण्याआधी आबांना भेटायला त्यांच्या शेतावर गेले. काकी बांधावरच भेटल्या. "जा, बघा तुमच्या आबाचे परताप," असं म्हणून त्यांनी पॉलिहाऊसकडे बोट दाखवलं.

आत गेले तर गुलाब नव्हतेच. आबांनी सगळे उपटून रंगीत ढोबळी मिरची लावली होती, आणि ती झाडून सगळी मेली होती. वाळलेली रोपं रांगेने सुतळीला लटकत होती. त्यांच्या मधोमध आबा उभे होते, हातात खुरपं.

"या बाई, या," ते म्हणाले. "बघा. येक बी जगलं न्हाई."

मी विचारलं, "कुणी सांगितलं होतं मिरची लावायला?"

"कुनी न्हाई." आबांनी खुरप्याने एक रोप उपटलं, उन्हात धरून मुळं फिरवून फिरवून दाखवली. मुळं काळी पडली होती. "पानी जादा झालं. मला वाटलं लागंल, म्या दिलं. समदं माजं मीच."

त्यांचा चेहरा असा फुलला होता की कुणाला वाटावं, नातू दाखवताहेत. मग त्यांनी मला पुढच्या रांगेकडे नेलं, आणि तिथलं मेलेलं रोपही दाखवलं.